वाघ नको म्हणणाऱ्या रेहानाबाई

रेहानाबाई गेल्याचं मला मोबाईलवरच्या शिक्षकांच्या ग्रुपमुळे कळलं. बातमीखाली पन्नासेक लोकांनी हात जोडले होते. कुणीतरी त्यांचा फोटो फुलांच्या चौकटीत बसवून खाली लिहिलं होतं, 'सदा हसतमुख, मनमिळाऊ शिक्षिका.' मी ते दोनदा वाचलं आणि मोबाईल पालथा घातला. रेहानाबाई हसतमुख नव्हत्या. मनमिळाऊ तर अजिबात नव्हत्या. त्या रागीट होत्या आणि त्यांचा राग अडचणीचा होता, म्हणून तर आम्ही त्यांना घालवलं. आता त्या उलटून बोलू शकत नाहीत म्हटल्यावर त्यांना हसतमुख करून टाकणं सोपं आहे.

'आम्ही' हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. त्यात मी होतो.

चंद्रपुरात आमची एक छोटी कंपनी होती. मुलांसाठी शिकण्याचे खेळ बनवायची. काही खेळ टॅबलेटवरचे, काही डोळ्यांवर चढवायच्या चष्म्यातले. हा चष्मा घातला की मूल एका वेगळ्याच जगात उभं राहतं. मान वळवली की ते जग वळतं, हात पुढे केला की तिथलाही हात पुढे होतो. अशी जगं उभी करणं माझं काम. झाडं, रस्ते, घरं, आभाळ, सगळं मी संगणकावर बनवायचो. जंगलातल्या शाळांसाठी आम्हाला गणिताचे खेळ करायचे होते आणि ते तपासायला एक शिक्षिका शिक्षण खात्याकडून दोन वर्षांसाठी आमच्याकडे पाठवण्यात आली. त्या रेहानाबाई.

पन्नाशीच्या. उंचीला कमी, आवाजाला नाही. मूळच्या सावली गावच्या. वडील तिथल्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करायचे, आणि बाईंना लहानपणापासून बंद पडलेली वस्तू उघडून पाहायची सवय होती. आलापल्लीच्या पलीकडे एका जंगलातल्या गावात चौदा वर्षं शिकवून आल्या होत्या. मराठी झाडीपट्टीतली बोलायच्या, रागावल्या की मध्येच हिंदी, आणि मुलांशी गोंडी. पर्समध्ये सुई-दोरा आणि कात्री कायम. चष्म्याचे पट्टे मोठ्यांच्या डोक्याच्या मापाचे होते, मुलांच्या नाकावरून घसरायचे. आमच्या लक्षातही आलं नव्हतं. बाईंनी पहिल्या आठवड्यात सगळे पट्टे उसवले, आतून सुती कापड लावून लहान करून शिवले. शिवता शिवता म्हणाल्या, "ज्याच्यासाठी बनोलं त्याचं डोकं मोजाले नाई गेलं कोनी?"

त्यांचं हे असं होतं. प्रश्न विचारायच्या आणि उत्तराची वाट पाहायच्या. समोरचा गप्प राहिला तरी नजर हलवायच्या नाहीत. आमच्या ऑफिसातली तरुण पोरं त्यांना पाहून जिन्यानं खाली पळायची.

पहिला खेळ मी मोठ्या हौसेनं बनवला होता. जंगलात झाडाची फळं तोडायची आणि मोजून टोपलीत टाकायची. आम्ही तो बाईंच्या जुन्या शाळेत नेला. मुलं चष्मा घालायची, झाडाखाली जायची आणि खाली वाकायची. जमिनीवर हात फिरवायची. वर कुणी पाहीचना. माझ्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे शून्य येत होतं. मी अहवालात लिहिलं, 'मुलांना मोजण्याची मूळ संकल्पना अवगत नाही.'

बाईंनी तो कागद वाचला. शांतपणे घडी केली.

"प्रशांत, तू मोहफूल येचले का कधी?"

"नाही बाई. मी चंद्रपूरचा."

"मंग चाल."

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत मला एका मोहाच्या झाडाखाली उभं केलं. खालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली. माणसं टोपल्या घेऊन वाकलेली. फुलं आपोआप पडत होती, टप, टप. कुणीही झाडाला हात लावत नव्हतं. आठ वर्षांची एक मुलगी माझ्या शेजारी दोन्ही हातांनी वेचत होती आणि मधूनमधून आईला आकडा सांगत होती.

"ह्या पोट्टीले तू काल शून्य देलं," बाई म्हणाल्या. "झाडाखाली गेलं का खाली पाहाचं, हे तिले चालाले लागली तवापासून समजते. तुह्या जंगलाले समजत नाई. मंग अडानी कोन?"

मी खेळ बदलला. फळांची झाडं काढून मोह लावला. फूल पडल्याचा आवाज घातला, म्हणजे मूल कान देऊन ओळखेल, कुठं पडलं. पुढच्या वेळी मुलांनी टोपल्या भरल्या, दहा-दहाचे ढीग केले, आणि एका मुलानं चष्मा काढून मला विचारलं की ह्यातली फुलं वाळवायला कुठं टाकायची. त्या दिवशी मला वाटलं होतं, बाई आता तरी खूश होतील. त्या म्हणाल्या, "बरोबर इचारून राह्यला थो. वाळवाची जागा बनव."

नंतर आला भोंगा. उत्तर चुकलं की पडद्यावर लाल फुली यायची आणि 'भँ' असा आवाज व्हायचा. हा सगळीकडेच असतो, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बाईंच्या शाळेतल्या एका मुलीनं एकदा तो आवाज ऐकला, टॅबलेट खाली ठेवला आणि नंतर चार दिवस दोन्ही हात पाठीमागे धरून बसली. बाईंनी कंपनीच्या संचालकांना सांगितलं, भोंगा काढा. त्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो. पुण्याहून आलेले, गोड बोलणारे. ते म्हणाले, "बाई, चूक झाली हे मुलाला कळायला नको का?"

 दुपारी जेवण झाल्यावर बाई ऑफिसच्या मधल्या हॉलमध्ये टॅबलेट घेऊन बसल्या, आवाज पूर्ण मोठा केला आणि एकामागून एक चुकीची उत्तरं द्यायला लागल्या. भँ. भँ. भँ. पहिली पंधरा मिनिटं लोक हसले. मग कुणी दार लावून घेतलं, कुणी कानात बोळे घातले. तासाभरानं साहेब स्वतः बाहेर आले.

"बाई, हे काय चाललंय?"

"शिकून राह्यली."

"अहो, किती वेळा चुकणार?"

"माह्या शाळेत चाळीस पोट्टे हायेत. एकेकानं रोज पाच खेप चुकलं तरी दोनशे होते. माह्ये आत्ता साठ झाले. तुमी बसा आतमंधी, तुमाले त्रास होत असन."

संध्याकाळपर्यंत भोंगा निघाला.

मग चुकल्यावर काय व्हावं, ह्यावर त्या आठ दिवस माझ्याशी भांडल्या. त्यांचं म्हणणं असं, की चुकल्यावर मुलाला काहीतरी दिसलं पाहिजे, बोलणी बसता कामा नयेत. त्यातून बोडीचा खेळ झाला. बोडी म्हणजे आमच्या भागातला शेततलाव. बोडीचं पाणी पाट काढून आपल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, आणायचं. पाटाची लांबी, उतार, सगळं मोजून. माप चुकलं तर पाणी शेजाऱ्याच्या बांधीत जायचं, आणि तिथं त्याची म्हैस येऊन आरामात डुंबायची. म्हैस बाईंची कल्पना. मुलं ती पाहायला मुद्दाम चुकायला लागली. मी हैराण. बाईंना म्हटलं, हे तर सगळे चुकीचीच मापं घालताहेत. त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून आकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "नीट पाह्य. म्हैस बोलवाले कितीनं चुकाचं, थे बरोबर शोधून काढलं त्यायनं." खरंच होतं. किती चुकलं की पाणी वळतं, हे त्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक झालं होतं.

हे सगळं मी आज कौतुकानं सांगतो आहे. तेव्हा मला त्यांचा कंटाळा यायचा. दर आठवड्याला नवी तक्रार. ह्या घराला उंबरा काऊन नाई. ह्या पोराच्या पायात बूट कायले. बाजारात सारेच्या सारे लोक गोरे कुठून आले. एक तपासणीची वही होती, त्यात त्या निळ्या शाईनं शेरे लिहायच्या, आणि वहीचं पान उघडायच्या आधीच माझं डोकं तापायचं. मला वाटायचं, ही बाई कुणाच्याच कामाला चांगलं म्हणत नाही. आता कळतं, त्या कामावर रागवत नव्हत्या. त्यांच्या मुलांकडे न पाहता त्यांच्यासाठी काही बनवणाऱ्या प्रत्येकावर रागवत होत्या, आणि त्या यादीत मी सर्वांत जवळ बसायचो.

दुसऱ्या वर्षी साहेबांच्या डोक्यात वाघ आला.

खेळांच्या उद्घाटनाचा मोठा कार्यक्रम ठरला होता. मोहर्लीच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेत. वरून पाहुणे येणार, फोटो निघणार. साहेब म्हणाले, ताडोबा इतक्या जवळ आहे आणि आपल्या खेळात वाघ नाही? झुडपातून वाघ उडी मारून समोर येईल, पाढा विचारेल, आणि गमतीनं म्हणेल, 'सांग, नाहीतर खातो!' पाहुण्यांना आवडेल.

बाई बैठकीतच उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, थ्या गावात वाघ म्हंजे गंमत नाई. तिथं लोक तेंदूपत्त्याले जाते आन् वापस येत नाई. पोट्ट्यायले असं चष्म्यात कोंडून अंगावर वाघ सोडान तुमी?"

"बाई, तो कार्टूनसारखा आहे. गोंडस."

"ज्याच्या घरचं मानूस नेलं त्याले गोंडस दिसन का?"

साहेब म्हणाले, बघू. बाईंनी वहीत अर्धं पान भरेल एवढ्या अक्षरात लिहिलं, 'वाघ नको.' खाली सही केली. मग माझ्या टेबलाशी आल्या.

"काढशीन न?"

"हो बाई. काढतो."

मी काढला नाही. उलट तो आठवडाभर घासूनपुसून चांगला केला. त्याच्या अंगावरचे केस वाऱ्यानं हलायचे. पावलाखाली पानं मोडायची. इतकं जिवंत काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि साहेबांनी पाठीवर थाप मारली होती. गोंडसपणा त्यात कुठं उरला नव्हता, हे मला दिसत होतं. बाईंना मी सांगितलं नाही. वाटलं, कार्यक्रम होऊन जाईल, मग पाहू.

कार्यक्रमाला शाळेच्या हॉलमध्ये मंडप घातल्यासारखी सजावट होती. पहिलं मूल म्हणून चौथीतली दीक्षा निवडली होती, कारण तिला तीसपर्यंतचे पाढे पाठ होते. एवढंच आम्ही विचारलं होतं, सगळ्यांत हुशार कोण. मागच्या उन्हाळ्यात तिची आई तेंदूपत्ता तोडायला गेली आणि वाघानं नेली, हे त्या गावात प्रत्येकाला माहीत होतं. आम्ही विचारलं नाही, आणि पाहुण्यांच्या गडबडीत कुणी सांगितलं नाही.

दीक्षानं चष्मा घातला. मोठ्या पडद्यावर लोकांना तिला दिसणारं जंगल दिसत होतं. ती हळूहळू चालत होती, मान वळवून झाडं बघत होती. झुडूप हललं. वाघ आला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ताठ उभी राहिली, मग हळूच खाली बसली आणि गुडघे पोटाशी घेतले. चष्मा डोळ्यांवर तसाच. वाघ तिच्यासमोर उभा राहून सत्तावीस साते विचारत होता. लोकांना वाटलं, खेळाचाच भाग आहे. टाळ्या वाजल्या. एक पाहुणे मोबाईल काढून जवळ गेले. मी संगणकाशी बसलो होतो, माझा हात खेळ बंद करायच्या बटणापासून वीतभर अंतरावर होता, आणि मी ते दाबलं नाही. 

रेहानाबाई मागच्या रांगेतून आल्या. खुर्च्या ढकलत आल्या. त्यांनी चष्मा काढला, दीक्षाचा चेहरा छातीशी घेतला. फरशी ओली झाली होती. बाईंनी आपली ओढणी काढली आणि तिच्याभोवती गुंडाळली, कुणाला दिसू नये म्हणून. मग मान वर केली.

"सगळे भाईर व्हा."

साहेब वाकून म्हणाले, "बाई, कार्यक्रम चालू आहे."

"कार्यक्रम संपला. भाईर व्हा."

आवाज चढलेला नव्हता. पण एकेक करून सगळे निघाले, पाहुणेसुद्धा. मी वायरी गोळा करायला लागलो. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू म्हटलं होतं, काढतो."

बस. कंपनीत असेपर्यंत माझ्याशी त्या पुढे एक शब्द बोलल्या नाहीत.

पाहुण्यांना हॉलबाहेर काढलं हा गुन्हा ठरला. मुलीचं काय झालं, हा विषयच निघाला नाही. आमच्या अहवालात लिहिलं गेलं, 'तांत्रिक अडचणीमुळे प्रात्यक्षिक थांबवावे लागले.' बाईंना लेखी माफी मागायला सांगितलं. त्यांनी मागितली. कोऱ्या कागदावर निळ्या शाईनं लिहिलं, 'चौथीतील विद्यार्थिनी दीक्षा हिची मी माफी मागते. मी तिथे हजर असून मला पोचायला उशीर झाला. दुसऱ्या कोणाची माफी मागण्यासारखे माझ्याकडून काही घडलेले नाही.' तो कागद त्यांनी ऑफिसच्या आवक खिडकीत दिला आणि शिक्का मारून पोच घेतली.

त्यानंतर साहेबांनी मला बोलावलं. समोर एक टाइप केलेला कागद होता. 'सदर वाघाचे दृश्य तपासणीस शिक्षिकेने पाहून त्यास मान्यता दिली होती.' खाली माझं नाव.

"तुझ्याच भल्यासाठी," ते म्हणाले. "आणि ती वही जरा माझ्याकडे आणून दे."

मी सही केली. वहीही आणून दिली. बाईंना परत पाठवलं, तेही जुन्या शाळेत नाही, सिरोंच्याच्या वाटेवरच्या दूरच्या गावात. वही नंतर कुणालाच दिसली नाही. आमच्या खेळाला पुढे शाबासक्या मिळाल्या. बोडी, म्हैस, मोहाचं झाड, फूल पडल्याचा आवाज, ह्या सगळ्यांचं व्यासपीठावरून कौतुक झालं. बनवणाऱ्यांच्या नावांत बाईंचं नाव नव्हतं. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत बसलो होतो. वर्षभरानं मी ती नोकरी सोडली, पण त्यात शौर्य काही नव्हतं. दुसरी मिळाली म्हणून सोडली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते आलापल्लीच्या बसस्टँडवर, तीन वर्षांनी. मी दुसऱ्याच कामानं गेलो होतो. उन्हात एक बाई सुतळीनं बांधलेलं मोठं खोकं ओढताना दिसल्या. केस बरेच पांढरे झाले होते. चालण्यातला ताठा तोच. मी जवळ गेलो. त्यांनी ओळखलं.

"बाई, त्या वेळी मी..."

"मले माहीत हाय. कागद दाखोला होता मले. सही सुंदर हाय तुही." मग खोक्याकडे बोट केलं. "तिकडून धर."

मी धरलं. आत जुना संगणक होता. एका शाळेनं काढून टाकलेला, बाईंनी उघडून, साफ करून पुन्हा चालू केलेला. दुरुस्तीचं राहिलेलं थोडं काम आलापल्लीत करून घेतलं होतं. चालता चालता मी विचारलं, त्यावर काय करता. त्यांनी तुटक तुटक सांगितलं. तिथली मुलं त्यात आपलं गाव बनवतात. साधी चित्रं, चौकोनी घरं, चष्मा वगैरे काही नाही. प्रत्येक मूल आपलं घर आपल्या हातानं ठेवतं, विहिरीपासून किती पावलं ते मोजून. नदीवर भांडण झालं, कुणाच्या घराशी किती जवळ दाखवायची, तर सगळा वर्ग नदीवर गेला आणि दोरी लावून मोजून आला. गोंडीत पाण्याला येर म्हणतात, म्हणून पडद्यावर नदीशी तेच लिहिलं आहे.

"चुकलं तर?" मी विचारलं.

"त्यायचं गाव हाय. थेच भांडते, थेच दुरुस्त करते."

मी दीक्षाचं विचारलं. बाई थांबल्या. त्या प्रकारानंतर चार महिने त्या दर रविवारी बस बदलत त्या गावी जात होत्या, हे मला दुसऱ्यांकडून कळलं होतं. पोचून काही शिकवायच्या नाहीत. नुसत्या तिच्या आजीच्या अंगणात बसून शिवत राहायच्या.

"सातवीत हाय. गनित करते. डोयावर काई चढवू देत नाई, गॉगलबी नाई." मग म्हणाल्या, "माही माफी मांगून काय करशीन? मांगाची असन तं तिची मांग. आन् जाशीन तं रिकाम्या हातानं जा, खेळ-बीळ घेऊन जाऊ नोको."

बस लागली. कंडक्टरनं खोकं पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे सामान टपावर टाका."

"टपावर हादरे बसते. थ्याच्यात पोट्ट्यायनं वर्षभर बनोलेलं गाव हाय."

"मग ठेवणार कुठं? गाडी भरली."

बाईंसाठी एका प्रवाशानं खिडकीजवळची जागा सोडली होती. त्यांनी मला खूण केली. आम्ही दोघांनी खोकं उचलून त्या जागेवर ठेवलं. सुतळीला धरून त्या शेजारी उभ्या राहिल्या. कंडक्टर पुन्हा काही म्हणाला. मी खाली उतरलो होतो, शब्द ऐकू आले नाहीत. बाईंचं उत्तर मात्र काचेतून दिसत होतं. एक हात खोक्यावर घट्ट, दुसरा हात त्याच्या तोंडासमोर हलत होता, आणि आजूबाजूचे लोक जरा मागे सरकले होते. त्यांच्या गावापर्यंत उभ्यानं जायचं म्हणजे चार-पाच तास. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या बोलतच होत्या.

दीक्षाच्या गावी मी अजून गेलेलो नाही.